गेरूचं बोट

१

दारव्ह्याच्या कलासंग्रहालयाचे व्यवस्थापक पुंडलिकराव हे एक सुखी गृहस्थ होते. पगार बेताचा, पोट ऐसपैस, बायको हसरी. संस्था धर्मादाय. नफा व्हायचा नाही हे कायद्यानंच ठरलेलं होतं. तोटा कुठल्या सदरात घालायचा एवढाच प्रश्न दर मार्चला उभा राही, आणि पुंडलिकराव तो 'किरकोळ' या सदरात घालून मोकळे होत. भिंतीचा चुना, पाहुण्यांचा चहा, उंदरांचं औषध, शेजारच्या बकरीनं खाल्लेला मखमली पडदा, सगळं किरकोळ. अनुदान आधी नागपूरहून यायचं, ते एकाएकी मुंबईहून यायला लागलं. आणे गेले, नये पैसे आले. किरकोळ मात्र होतं तिथंच होतं.

संग्रहालय भरलेलं होतं फुलचंद सेठांच्या जुन्या जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात. सेठांना कापसापेक्षा चित्रांचा शौक जास्त. जाताना त्यांनी जिनाची इमारत आणि आयुष्यभर गोळा केलेला पसारा विश्वस्तांच्या हवाली केला. कापूस जाऊन बरीच वर्षं झाली तरी वरच्या वाशांतून अजून रुईचा एखादा पुंजका सुटे आणि हवेत रेंगाळत एखाद्या तसबिरीवर येऊन बसे. उन्हाळ्यात पत्रे तडतडत. पुंडलिकरावांना ती तडतडही आवडे. खरं सांगायचं तर त्यांना त्या जागेतलं सगळंच आवडे, आणि हे ते कोणाला बोलून दाखवत नसत, कारण गावात त्यांना आधीच 'फोटोवाले' म्हणत.

जिनाची एक रीत मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली होती. सेठांच्या वेळी मुनीम गादीवर बसल्या बसल्या रुईच्या एकेका गाठीची हाक मारी. गोदामातला माणूस त्या गाठीला हात लावी, 'हाये' म्हणून ओरडे आणि गेरूत बुडवलेलं बोट गाठीच्या पाठीवर टेकवी. एकदा बोट टेकलं की माल जिनाचा. मग मूळ मालक दारात येऊन लोळला तरी गाठ बाहेर जात नसे. संग्रहालयाची वार्षिक पडताळणीही अशीच चाले. पुंडलिकराव कचेरीतून यादी वाचत, मधे एक लांबलचक बोळ, आणि बोळापलीकडच्या दालनातून पहारेकरी देवसिंग उत्तर देई.

"लाकडी गणपती, सोंड तुटकी."

"हाये."

"इंग्रज बाईचा पुतळा, नाक नाही."

"हाये. नाक नाही."

देवसिंग जवळच्या बंजारा तांड्यावरचा. उंच, लाल पागोटं, आणि इतका खरा माणूस की त्याच्यापुढं खोटं बोलायचं म्हणजे पंचाईत. वस्तूला हात लागल्याशिवाय त्याच्या तोंडून 'हाये' निघत नसे. उत्तर यायला म्हणून थोडा वेळ लागायचा. पुंडलिकरावांना तो वेळ इतका पाठ झाला होता की तेवढ्यात ते सुपारीचं एक खांड कातरून घेत.

२

फाल्गुनात सरकारी लखोटा आला. मुंबईचे एक साहेब चैत्रात पडताळणीला येणार होते. संग्रहातली एक जरी वस्तू कमी भरली तरी अनुदान बंद.

विश्वस्तांचे अध्यक्ष विठ्ठलराव रुईचे व्यापारी. त्यांनी लखोटा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर उगाच उजेड आला. "पाहा बा पुंडलिकराव," ते म्हणाले, "बंद झालं तं बंद झालं. जागा काही वाया जात नाही. पावसाळ्यात माह्या गाठी बाहेर भिजतात."

पुंडलिकराव हसले, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही. कारण एक वस्तू कमी होती, आणि ते त्यांच्याशिवाय फक्त देवसिंगला ठाऊक होतं.

ती होती 'पाठमोरा गृहस्थ'. तैलचित्र, पुरुषभर उंचीचं. पांढरा सदरा घातलेला, धोतर नेसलेला एक माणूस अंधाऱ्या दारासमोर आपल्याकडं पाठ करून उभा आहे, एवढंच त्यात होतं. कोणी काढलं, कोणाचं काढलं, सेठांनी कधी सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं यायची ती हटकून या चित्राच्या बाजूला जाऊन, मान वाकडी करून, त्याचं तोंड दिसतंय का ते बघायची. मग आपलं आपणच हसायची. त्याची चौकट वाळवीनं खाल्ली तेव्हा पुंडलिकरावांनी काटकसर म्हणून ते यवतमाळच्या एका स्वस्तातल्या फ्रेमवाल्याकडं पाठवलं. काही महिन्यांनी आणायला गेले तर त्या दुकानात सायकली टांगलेल्या. फ्रेमवाला कुठं गेला हे सायकलवाल्याला माहीत नव्हतं. भिंतीवर चित्राच्या जागी चुन्याचा एक पांढराफटक चौकोन तेवढा उरला.

"देवसिंग," पुंडलिकराव एक दिवस लाडात येऊन म्हणाले, "साहेब काही आत येत नाही उन्हाचा. एका चित्राच्या वेळेस नुसतं हाये म्हणशील तं तुहं काय जाते?"

"हात कायले लावू साहेब? चुन्याले?"

"हात नको लावू. नुसतं म्हण."

"मंग हाये कसं म्हनू?" देवसिंगनं अगदी निर्मळपणे विचारलं. तिथंच तो विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंडलिकरावांनी पडताळणीची रंगीत तालीम घेतली. ताटीचा वाळा भिजवलेला, अडकित्ता हातात, मन कुठंतरी भलतीकडंच. ते यादी वाचत गेले, उत्तरं येत गेली. सवयीच्या ओघात त्यांनी तेही वाचलं.

"पाठमोरा गृहस्थ, तैलचित्र."

सुपारीचं एक खांड कातरून झालं.

"हाये."

त्यांनी खूण केली. "पितळी हत्ती, माहुतासह." उत्तर नाही. "पितळी हत्ती!" उत्तर नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण मघाशी कशावर खूण केली. ते मान वर करतात तो समोरच्या अंगणातून, दालनाच्या बाजूनं नव्हे, देवसिंग खांद्यावर भरलेली घागर घेऊन आत आला.

"माठ रिकामा झाल्ता साहेब. पानी आनाले गेलतो. कुठवर आले तुम्ही?"

३

पुंडलिकराव मॅट्रिक झालेले होते. त्यांनी शांतपणे विचार केला. प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो. स्वतःचे घालत नाही. कोणी टवाळखोर लपला म्हणावा, तर दालनाला दुसरं दार नाही. ऊन लागलं म्हणावं, तर ते सकाळपासून वाळ्याच्या ताटीमागं गारव्यात बसलेले. राहिला एकच उपाय, पुन्हा हाक मारून पाहणं.

देवसिंग भाकर खायला गेल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि हाक दिली, "आग्र्याचा ताजमहाल." बोळात शांतता. "विठ्ठलरावांची अक्कल." शांतता. इथं त्यांना स्वतःलाच हसू आलं. मग जरा हळू, "पाठमोरा गृहस्थ."

तेवढाच वेळ गेला.

"हाये."

आवाजात भयानक असं काही नव्हतं. एखाद्यानं कामात असताना, तोंड पलीकडं ठेवूनच बोलावं, तसा तो आवाज होता. पुंडलिकराव उठले आणि धोतर सावरत बोळातून धावले. दालनात कोणी नव्हतं. इंग्रज बाई नाकाविना उभी होती, देवसिंगच्या तांड्यावरून आलेल्या चोळीचे, कांचळीचे, आरसे चमकत होते. फक्त त्या पांढऱ्या चौकोनासमोर रुईचे पुंजके जमिनीवरून नुकतेच उठून हवेत फिरत होते. बाकी दालनात वारा नव्हता.

त्या रात्री जेवताना त्यांनी ही हकीकत बायकोला, कोकिळेला, हसत हसत सांगितली. कोकिळाही पोट धरून हसली.

"बरं झालं जी," ती म्हणाली. "तुमच्या त्या देवसिंगपेक्षा ह्यो बरा. लवकर आयकते."

"मीही तेच म्हनतो. पगार नाही, भत्ता नाही, डरेस नाही."

"कोन्या सदरात घालसान?"

"किरकोळ."

मग ताट उचलता उचलता ती जराशी गंभीर झाली. "पन एक करा. तेथी कोनी तुमचं नाव घेऊन हाक मारली, तं लगेच ओ देऊ नका. तीनदा मारू द्या. माही माय सांगे, ज्याले जीव नाही त्याले तिसरी हाक जमत नाही."

"बरं," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना भीती वाटत होती, पण तिच्याखाली त्याहून मोठा असा आनंद होता. चित्र नसलं तरी उत्तर होतं, आणि मुंबईचे साहेब उत्तरावरच खूण करणार होते. संग्रहालय वाचणार होतं. फुकटात मिळालेल्या गोष्टीची पाठपोट तपासत बसायची नसते, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

४

साहेब आले ते घामानं निथळत. दालनाच्या दारापर्यंत गेले, आतून आलेली पत्र्याची धग तोंडावर घेतली आणि माघारी वळून वाळ्याच्या ताटीशी बसले. पुंडलिकरावांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. त्यांनी त्या दिवशी धुवट सदरा-धोतर आणि वर बंद गळ्याचा काळा कोट चढवला होता. कोट लग्नातला असल्यानं श्वास अर्धाच घेता येत होता.

"हाकेनं पडताळणी?" साहेबांना रीत फार आवडली. "वा. आमच्याकडं तीन कारकून लागतात याला. चालू द्या."

हाका सुरू झाल्या. देवसिंग आत वाटीत गेरू कालवून तयार होता. उत्तरं खणखणीत येत होती. पाठमोऱ्याची पाळी जवळ आली तसे पुंडलिकराव उठून बोळाच्या तोंडाशी गेले आणि हळूच म्हणाले, "देवसिंग, साहेबांसाठी ताजं पानी आन बरं विहिरीचं." देवसिंग बादली घेऊन बाहेर गेला, तेव्हा साहेब डोळे मिटून रुमालानं तोंड पुसत होते. पुंडलिकराव परत येऊन बसले.

"पाठमोरा गृहस्थ, तैलचित्र."

साहेबांनी पेन उचललं. पत्रे तडतडले.

"हाये."

"छान," साहेब म्हणाले, आणि खूण झाली.

पुंडलिकरावांना वाटलं, आता उठून नाचावं. देवसिंग पाणी घेऊन आला, पुन्हा आत गेला, पितळी हत्तीही झाला, कांचळी झाली, यादी संपली. कमी काही नाही. विठ्ठलरावांच्या गाठी पावसात भिजोत की वाहून जावोत. त्यांनी साहेबांना विडा दिला, एक स्वतःच्या गालात कोंबला. विड्यानं साहेब खुलले. त्यांनी यादीचा कागद आपल्याकडं ओढला.

"मलाही मारू द्या की एखादी हाक. खाली कर्मचारी लिहिलेत, तेही तपासू." आणि बोळाकडं तोंड करून, मुनिमाच्या थाटात, "देवसिंग, पहारेकरी!"

"हाये!" आतून देवसिंग. साहेब खळखळून हसले.

"पुंडलिकराव, व्यवस्थापक!"

पुंडलिकराव समोरच बसलेले. त्यांनीही हसून हात वर करायचा एवढंच बाकी होतं. पण तोंडात विडा, आणि त्याच क्षणी कोकिळेचं बोलणं आठवलं. नाव घेऊन हाक आली की लगेच ओ देऊ नका. ते गप्प राहिले. स्वतःच्या सावधपणाचं त्यांना मनातून कौतुकही वाटलं. साहेब काही भूत नव्हते, पण नियम म्हणजे नियम.

सुपारीचं एक खांड कातरून होईल एवढा वेळ गेला. तेवढ्यात त्यांच्या दोन खांद्यांच्या मधोमध, कोटाच्या आत, ओलं गार काहीतरी टेकलं आणि निघून गेलं. घाम असेल, असं त्यांना वाटलं.

"हाये," दालनातून देवसिंगचा आवाज आला.

"तुमचा माणूस भारी आज्ञाधारक आहे हो," साहेब म्हणाले. त्यांनी पुंडलिकरावांच्या नावापुढंही खूण केली आणि खाली सही ठोकली.

५

साहेबांची मोटार धूळ उडवत गेली, तसे पुंडलिकराव बोळातून दालनात आले. देवसिंग गेरूची वाटी विसळत होता.

"देवसिंग, माहं नाव घेतलं तवा तू काहून हाये म्हटलं?"

"होते ना तुम्ही."

"कुठी?"

देवसिंगनं हनुवटीनं दाखवलं. पांढरा चौकोन. "तेथी. भितीकडे तोंड करून उभे होते. मले वाटलं, साहेबानं पाठवलं असन. हात लावला, बोट टेकवलं, हाये म्हटलं."

"मी तं कचेरीत बसलो होतो, गा."

"असान," देवसिंग म्हणाला. त्याला त्यात काही अडचण दिसत नव्हती. "मी अथी होतो साहेब. कचेरीतलं मले काय मालूम?"

"तोंड पाह्यलं का माहं?"

"पाठ होती. पाठ वळखू येते ना. इतके साल झाले."

पुंडलिकराव चौकोनाकडं पाहत राहिले. चुना, एक खिळा, खिळ्याला चिकटलेला रुईचा पुंजका. बाकी काही नव्हतं. देवसिंगला थट्टा करता येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, करता येत असती तर किती बरं झालं असतं.

मग त्यांनी स्वतःला सावरलं. ऊन फार आहे, देवसिंग सकाळपासून उपाशी आहे, पाहिलं असेल काहीतरी. अनुदान वाचलं, दोघांची नोकरी वाचली. कुलूप लावताना त्यांनी गाणंही गुणगुणलं. वाटेत ओळखीचे दोघंतिघं भेटले. पुंडलिकरावांनी सगळ्यांकडं पाहून हात केला. नेहमी हाकेला हाक देणारी माणसं, पण आज कोणीच उलटून हात केला नाही. एकजण तर त्यांच्या अगदी समोरून येऊन, त्यांना मागून गाठल्यासारखा, "अवो पुंडलिकराव, थांबा ना," म्हणाला. पुंडलिकराव थांबले आणि हसले. तो जरा घोटाळला आणि पुढं निघून गेला.

६

घरी दिवेलागण झाली होती. कोकिळा चुलीशी होती. त्यांनी कोट खुंटीला अडकवला आणि मोकळा श्वास घेत पाणी प्यायले.

"वाचलं ना तुमचं म्युझियम?" तिनं आतून विचारलं.

"वाचलं," ते म्हणाले. आणि खरोखर त्यांचे डोळे भरून आले. "सगळं हाये म्हने. एकही कमी नाही."

ती कंदील घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या मागं थबकली. "हे काय जी? सदऱ्याले गेरूचं बोट कोनं लावलं?"

पुंडलिकरावांनी खुंटीवरचा कोट पाहिला. तो काळाभोर, स्वच्छ होता. सदरा दिवसभर त्याच्या आत होता.

"लागलं असन," ते म्हणाले.

"काढा. भिजत घालतो." तिनं सदरा काढून घेतला, मग बंडी. "अगंबाई, बंडीवरही हाये. आन पाठीवरही. देवसिंगनं का गाठ समजलं तुम्हाले?" ती हसू लागली. लुगड्याचा पदर ओला करून तिनं पाठ घासली, पुन्हा ओला केला, पुन्हा घासली. "निघत नाही बा. राहू द्या, सकाळी शिकेकाईनं पाहू."

तिच्या हसण्यानं त्यांना धीर आला. हे घर, ही चूल, ही बाई. बाहेरचं काहीही असो, या घरात ते होते. त्यांना एकदम तिचा चेहरा पाहावासा वाटला, आणि तिनं आपल्याला पाहावं असंही वाटलं.

"कोकिळे," ते म्हणाले, "पाठ राहू दे. समोर ये."

"येतो ना." ती वळसा घालून त्यांच्या समोर आली. तिनं कंदील वर धरला. पुंडलिकराव सरळ तिच्या डोळ्यांत पाहत होते. तिच्या डोळ्यांत कंदिलाची ज्योत दिसत होती, कपाळावरचं कुंकू दिसत होतं, घासून ओला झालेला पदर दिसत होता.

तिनं कंदील आणखी जवळ आणला आणि लाडानं म्हणाली, "आता इकडे तोंड करा ना जी."